एकदिवशे आणि पाठबळ समिती

माझा अंदाज चुकत नाही! हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, बढाई मारायलाच सांगतेय. हवामानवाले पाऊस सांगतात आणि कडक ऊन पडतं, नवरा ‘निघालोच’ म्हणतो तेव्हा ऑफिसात खुर्चीवर बसलेला असतो. पण आमच्या तळ्यातले एकदिवशे कुठल्या संध्याकाळी बाहेर पडणार, हे मी एकदा सांगितलं की त्याच संध्याकाळी पडतात!

एकदिवशे म्हणजे एक प्रकारचे किडे. शास्त्रीय नाव उच्चारलं तर जिभेला लचक भरेल, म्हणून आम्ही प्रयोगशाळेत त्यांना एकदिवशे म्हणतो. हे प्राणी वर्षभर तळाच्या गाळात अळी होऊन पडून असतात. पाणी ठरावीक उबेला आलं की एका संध्याकाळी सगळेच्या सगळे वर येतात, त्यांना पंख फुटतात, हवेत लग्नं लागतात आणि सकाळपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो. बाहेर आल्यावर त्यांना खायला तोंडसुद्धा नसतं. खायचं नाही, बोलायचं नाही, आपलं काम करायचं आणि जायचं! मला हा प्राणी फार आदरणीय वाटतो. विशेषतः मीटिंगमधून बाहेर आल्यावर.

किती एकदिवशे बाहेर पडले यावरून तळ्याचा तळ किती जिवंत आहे ते कळतं. माझं संशोधन तेच. त्यासाठी मी पाण्यावर जाळीचे छोटे तंबू तरंगत ठेवलेत. त्या संध्याकाळी होडीतून जायचं, प्रत्येक तंबूच्या टोकाला बाटली लावायची. खालून वर येणारा किडा सरळ बाटलीत! दोन वर्षं मी हे बिनबोभाट केलं होतं. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. ही संध्याकाळ हुकली असती तर तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय गेला असता. प्रबंध गेला असता आणि त्याच्या मागोमाग नोकरीही.

आणि नेमकी त्याच वर्षी आमच्या संस्थेला मला पाठबळ द्यायची हुक्की आली!

झालं असं की, संस्थेला पैसे देणाऱ्या मंडळाने विचारलं, तुम्ही तरुण संशोधकांसाठी काय करता? संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आम्ही तिघं तरुण होतो. त्यातला एक परदेशी गेला. दुसऱ्याने चपलांचं दुकान काढलं आणि तो अत्यंत सुखी आहे. उरले मी. ताबडतोब ‘नवसंशोधक पाठबळ समिती’ स्थापन झाली. समितीत संस्थेतले यच्चयावत ज्येष्ठ शास्त्रज्ञ! म्हणजे पाठबळ द्यायला अख्खी संस्था आणि घ्यायला मी एकटी. बाळ एक आणि भरवायला बसलेल्या आत्याबाई डझनभर, अशी गत!

मंगळवारी ‘पाठबळ दिन’ ठरला. मंडळाचे पाहुणे येणार. दुपारपासून संध्याकाळपर्यंत भरगच्च कार्यक्रम. आणि रविवारी मी तळ्यात थर्मामीटर बुडवला तर काय! एकदिवशे मंगळवारीच संध्याकाळी बाहेर पडणार! मी सोमवारी उजाडताच संचालकांच्या केबिनमध्ये धडकले.

“सर, उद्या संध्याकाळी मला तळ्यावर जायलाच हवं.”

“अगं, तळं कुठे पळून जातंय?”

“तळं नाही सर, किडे जाणार आहेत!”

“मग येतील की परत.”

“नाही येणार. मरणार आहेत ते, सर!”

“अरेरे!” संचालकांचा चेहरा खरोखर पडला. “तू असं कर, शांतीमॅडमशी बोलून घे. असं दुःख मनात ठेवू नये.”

शांतीमॅडम समितीत मनःस्वास्थ्याचं बघतात. एरवी त्या माशांच्या कल्ल्यांवर काम करतात.

“सर, मग निदान दुसरं कुणीतरी बाटल्या लावायला जाईल का?”

“कोण जाणार? सगळे तुझ्याच कार्यक्रमात असणार ना! तुझ्यासाठी एवढी माणसं झटतायत आणि तू किडे किडे काय करतेस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले, पर्स सोफ्यावर आपटली आणि आईला फोन केला. आई म्हणाली, “अगं, इतक्या प्रेमाने करतायत तर बस ना तासभर! आमच्या वेळी कोण विचारत होतं?” मग मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आकडेमोडीचं काम करतो, टाय लावतो, आणि बादलीतल्या पाण्याकडेही जरा संशयाने बघतो. माझी नजर पाहूनच तो दोन पावलं मागे सरला.

“नाही! अजिबात नाही! मला पोहता येत नाही!”

“पोहायचं कुठे आहे? होडीत बसायचंय.”

“होडीत बसलेलेच लोक बुडतात!”

तरी गेला बिचारा तयार. जेवणाच्या टेबलावर चाळण उलटी ठेवून मी त्याच्याकडून बाटल्या लावण्याचा सराव करून घेतला. त्याने प्रत्येक पायरी समजून घेतली, दोनदा शंका विचारल्या आणि शेवटी विमा कुठल्या कपाटात आहे तेही सांगून ठेवलं.

मंगळवार उजाडला. कार्यक्रम तळ्याकाठच्या सभागृहात. सभागृहाच्या मोठ्या खिडक्यांमधून माझे तंबूसुद्धा दिसतात. म्हणून मंडळींनी काय केलं असेल? पडदे ओढले! का, तर माझं लक्ष विचलित होऊ नये!

सुरुवात समितीतल्या घड्याळसरांनी केली. विषय, तरुण संशोधकांनी वेळ कसा वाचवावा. हे भाषण संपता संपेना! वेळ वाया घालवणाऱ्या गोष्टींमध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर भाषणं ऐकणं ठेवलं होतं आणि त्यावरच ते सगळ्यात जास्त वेळ बोलले. मी पडद्याच्या फटीतून उन्हाकडे बघत होते. ऊन उतरत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

मग शांतीमॅडम उठल्या. त्यांनी सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले. मी एक फोन टोपलीत टाकला. तो जुना, बंद पडलेला होता. चालू फोन मांडीखाली! दिवे मंद झाले. शांतीमॅडमच्या स्पीकरमधून पाण्याचा खळखळाट सुरू झाला.

“डोळे मिटा,” मॅडम मुलायम आवाजात म्हणाल्या. “कल्पना करा, तुम्ही एका निवांत तळ्याकाठी आहात...”

“मॅडम, तळं मागेच आहे,” मी म्हणाले. “मी प्रत्यक्षच जाऊन येऊ का?”

“डोळे मिटा!”

तेवढ्यात मांडीखाली फोन थरथरला. मी खाली वाकून, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने कानाला लावला. माझ्या पायात चपला होत्या, पण बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते.

“अगं, कुठली होडी घेऊ?” नवऱ्याचा आवाज.

“निळी.”

“दोन्ही निळ्या आहेत!”

“जी गळत नाही ती.”

“ते कसं कळणार?”

“बसल्यावर!”

 मग तो म्हणाला, “विमा आठवतोय ना, कपाटात?” आणि फोन बंद झाला.

“श्वास घ्या,” मॅडम म्हणाल्या. “तळ्यावर एक होडी तरंगते आहे. किती शांत!”

बाहेरून “आईऽऽ गं!” अशी किंकाळी आली. पाठोपाठ ‘धप्प’!

“हा आवाज स्पीकरमध्ये मघाशी नव्हता,” पाहुणे डोळे न उघडता म्हणाले. “फारच जिवंत ध्वनिमुद्रण आहे!”

 नवरा बुडाला की नुसता आपटला? मी ताडकन उठले. मॅडमनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला खाली बसवलं. “बघितलंत?” त्या पाहुण्यांना म्हणाल्या, “इतका ताण आहे पोरीला!”

त्यानंतर फोटो. ‘पाठबळ घेताना संशोधिका’ असा फोटो हवा होता. सगळी समिती माझ्या मागे उभी राहून माझ्या पाठीवर हात ठेवायला लागली. इतके हात पाठीवर मावेनात, तेव्हा घड्याळसरांनी माझ्या कोपराला धरलं. फोटोवाला म्हणाला, “अंधार पडलाय, फोटो काळा येईल.” म्हणून संचालकांनी समारंभासाठी आणलेले भलेमोठे दिवे लावायला सांगितले. त्या दिव्यांनी उकडायला लागलं. म्हणून पडदे बाजूला सारले आणि खिडक्या सताड उघडल्या.

“सर, खिडक्या नको!” मी ओरडले. “दिवे आणि खिडक्या एकदम नको!”

“आता तरी हस!” संचालक दात ओठ खात म्हणाले.

आणि एकदिवशे आले! माझा अंदाज! माझ्या सांगण्याप्रमाणे, त्याच संध्याकाळी, हजारोंनी! फक्त दिवा दिसल्यावर ते तळ्यावर कशाला थांबतील? पांढऱ्या पंखांचे लोटच्या लोट सभागृहात घुसले. संचालकांच्या चहात, घड्याळसरांच्या चष्म्याच्या आत, शांतीमॅडमच्या अंबाड्यात! पाहुण्यांच्या कॉलरमधून शिरलेले त्यांच्या बाहीतून बाहेर पडत होते. सगळ्यांची पाचावर धारण बसली. आणि हे कोण? आयुष्यभर पाण्यातल्या जिवांवर संशोधन करणारे लोक!

“फवारा आणा!” संचालक खुर्चीवर चढून ओरडले. “झुरळांचं औषध आणा कुणीतरी!”

आता मात्र माझा संयम सुटला. मी पाठीवरचे सगळे हात झटकले आणि टेबलावर चढले.

“खबरदार कुणी फवारा आणला तर!” मी गरजले. “हे चावत नाहीत! ह्यांना तोंडच नाही! तोंडं तुम्हाला आहेत! दुपारपासून तुमची तोंडं चालू आहेत! मला पाठबळ नकोय! मला फक्त आजची संध्याकाळ हवी होती, आणि तीच तुम्ही मला दिली नाहीत!”

  माझा आवाज शेवटी रडका झाला होता, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात नवरा! केसांपासून बुटांपर्यंत ठिबकणारा. टायमधून पाणी गळतंय, एका कानावर शेवाळ. आणि छातीशी धरलेल्या क्रेटमध्ये माझ्या बाटल्या. सगळ्या! एकूण एक! झाकणं लावलेल्या, नंबर घातलेल्या, एकदिवशांनी भरलेल्या!

“होडी गळकी होती,” तो म्हणाला. “पाणी छातीपर्यंतच आहे. मी चालत गेलो.”

पाण्याला घाबरणारा माझा नवरा चिखलातून, तंबू चाचपत चालत गेला होता! मला अगदी भरून आलं. मी म्हणाले, “बाटल्या आडव्या नाही ना केल्यास?”

“नाही गं,” तो दात वाजवत म्हणाला.

प्रबंध वाचला! तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पण पाहुणे बाहीतला शेवटचा एकदिवशा काढून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे चमकत होते.

“असा पाठबळ दिन मी कुठेच पाहिला नाही!” ते म्हणाले. “समिती, निसर्ग आणि कुटुंब एकाच वेळी! आम्ही तुमच्या पदाची मुदत एक वर्षाने वाढवतो. मात्र एक अट. पुढच्या वर्षीचा पाठबळ दिन किडे निघतील त्याच संध्याकाळी!”

“वा!” संचालक खुर्चीवरून उतरत म्हणाले. “तारीख हीच सांगेल. हिचा अंदाज कधी चुकत नाही.”

संस्थेच्या अहवालात काय छापून आलं असेल? ‘समितीच्या मार्गदर्शनाखाली किड्यांचं यशस्वी निरीक्षण.’ समितीतल्या प्रत्येकाचं नाव. नवऱ्याचं नाव नाही! त्याला आठवडाभर सर्दी झाली होती, तिचाही उल्लेख नाही!

पण या वेळी मी बेसावध नव्हते. पाहुण्यांना तारीख महिनाभर आधी हवी होती. इतक्या आधी खरी तारीख मलाही कळत नाही. तरी सरासरीवरून मोघम सांगता आली असती. मी काय केलं? सरासरीच्या पुढे चांगले दहा दिवस टाकले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने एक शुक्रवार ठोकून दिला. म्हणजे किडे येऊन, लग्नं लावून, केव्हाच गेलेले असतील. मी माझ्या तळ्यावर शांतपणे काम उरकलेलं असेल. मग शुक्रवारी समितीने रिकाम्या तळ्याकडे बघत खुशाल पाठबळ द्यावं! महिनाभर मी इतकी खुशीत होते की नवऱ्याला नवा टाय आणला.

यंदा थंडी लांबली. तळ्याचं पाणी तापेचना. मी रोज थर्मामीटर बुडवते आणि रोज माझं तोंड उतरतं. बुधवारी पाणी एकदाचं उबेला आलं. मी हिशेब केला. पुन्हा केला. मग नवऱ्याकडून करून घेतला, तो तरी चुकेल या आशेने.

एकदिवशे शुक्रवारीच संध्याकाळी बाहेर पडणार आहेत.

संचालक परवापासून भेटेल त्याला सांगत सुटलेत, “महिनाभर आधी सांगितलं होतं पोरीने!” शांतीमॅडमनी नवा स्पीकर आणलाय. नवरा मघापासून टाय सोडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सोफ्यावर बसलाय.

मी म्हटलं होतं ना, माझा अंदाज चुकत नाही?