शंभर मायक्रोग्रॅम, ओलावा जास्त

भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सोमवारी थर्माकोलचा एक डबा आला. ज्यांनी तो मागवला होता त्या रुचिका मॅडम तेव्हा वर्गावर होत्या, त्यामुळे डबा नियमाप्रमाणे भांडारपाल मधुकररावांच्या ताब्यात गेला. आत सुक्या बर्फात रोवलेली एक कुपी होती, आणि कुपीत जेमतेम थेंबभर इंटरफेरॉन.

जनावराच्या अंगात विषाणू शिरला की पेशी शेजारच्या पेशींना सावध करायला जे प्रथिन सोडतात, ते हे. म्हशीच्या रक्तातून ते फारच थोडं मिळतं, म्हणून त्याचं जनुक जिवाणूत घालून ते तयार करतात. कार्यालयात सावध करण्याचं काम परिपत्रक करतं. फरक इतकाच, की प्रथिन वेळेवर पोचतं.

रुचिका करडी गावची. मागच्या वर्षी तिचे वडील घनश्याम यांच्या गोठ्यातल्या तीन वगारी, म्हणजे न व्यालेल्या तरण्या म्हशी, लाळ्या-खुरकुताने गेल्या आणि चौथी त्याच दावणीला राहून वाचली. ती कशी वाचली, हे रुचिकाला शोधायचं होतं. त्या वगारीच्या रक्तातल्या पेशी तिने आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या. त्यांना इंटरफेरॉन देऊन बघायचं होतं, आणि त्या गुरुवारपर्यंतच जगणार होत्या.

वर्ग संपताच ती भांडारात धावली. कुपी ताबडतोब उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये जायला हवी, असं तिने सांगितलं. मधुकररावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मात्र चलानावर शंभर मायक्रोग्रॅम लिहिलंय, तेव्हा वजन पडताळल्याशिवाय माल भांडाराबाहेर जाणार नाही, असं ते म्हणाले. प्रयोगशाळेतला काटा त्यांनी नाकारला, कारण माल मागवणाऱ्यानेच तो मोजणं नियमात बसत नव्हतं. निःपक्षपाती आणि चालू वर्षाचा शिक्का असलेला काटा जवळच्या धान खरेदी केंद्रावर होता.

मंगळवारी कुपी मधुकररावांच्या खिशातून तिथे गेली. डबा भांडारातच राहिला. केंद्रावरच्या ग्रेडर जागेश्वरने धानाच्या पोत्यांच्या काट्यावर कुपी ठेवली. काट्याने शून्य दाखवलं. जागेश्वर प्रामाणिक माणूस, त्याने शून्यच लिहिलं. त्याच्या तक्त्यात ओलाव्याचाही रकाना होता आणि तो रिकामा सोडायची मुभा त्याला नव्हती. माल पातळ असल्याने त्याने ओलावा शंभर टक्के लिहिला, मर्यादा सतरा टक्के असल्याची नोंद केली आणि शेरा मारला, ‘वाळवून आणावे.’

बुधवारी मधुकररावांनी बर्फाची नोंद करायला डबा पुन्हा उघडला. चलानावर पाच किलो बर्फ होता आणि डबा रिकामा. वितळला असता तर पाणी दिसलं असतं. डबा कोरडा ठणठणीत होता. अर्थात बर्फ कुणीतरी नेला होता. दोन दिवस भांडाराच्या दारावर ताराचंद नावाचा कंत्राटी चौकीदार होता. त्याच्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला.

सुका बर्फ पाणी होत नाही, सरळ वायू होऊन उडून जातो, हे रुचिकाने पुस्तक उघडून दाखवलं. मधुकररावांनी तो परिच्छेद दोनदा वाचला.

“गॅस झाला, हे मले मान्य आहे मॅडम,” ते म्हणाले. “पन तो बाहेर गेला असन, त त्याचा गेटपास दाखवा.”

ताराचंद व्हरांड्यात उभा होता. रुचिका बाहेर येताच तो हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, बर्फ नेऊन मी का करू? माया घरी त फ्रीज बी नाही. तुमी तेवढं सांगा न त्याईले.” सांगते, असं रुचिका म्हणाली.

गुरुवारी सकाळी प्राचार्यांनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. कुपी तर वाया गेलीच होती, ते म्हणाले. बर्फ आपोआप उडाला असेल, तर नाशवंत माल मागवल्याची जबाबदारी अर्जदाराची. पुढची मागणी तीन वर्षं विचारात घेता येणार नाही. बर्फ कुणी नेला असेल, तर नुकसान चोरीचं. दुसरी कुपी लगेच मागवता येईल. निवड तिच्यावर असल्याचं त्यांनी आपुलकीने सांगितलं.

अहवाल टाइप करून तयारच होता. ‘चोरीची शक्यता नाकारता येत नाही.’ रुचिकाने वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. जगात कुठलीच शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, हे तर विज्ञानच शिकवतं. तिने सही केली. दुपारपर्यंत पेशी मेल्या.

तीन आठवड्यांनी दुसरी कुपी आली आणि नव्या परिपत्रकानुसार थेट फ्रीझरमध्ये गेली. वगारीचं रक्त पुन्हा काढलं, प्रयोग साधला, शोधनिबंध छापून आला. सत्कारात मधुकररावांनीच शाल दिली.

ताराचंदला कंत्राटदाराने सही झाली त्या गुरुवारीच संध्याकाळी काढलं होतं. आता तो नाकाडोंगरीकडे खाणीच्या ट्रकांवर ताडपत्र्या बांधतो. एकदा तुमसरच्या बसस्टँडवर त्याने रुचिकाला नमस्कार केला आणि वगार बरी आहे का, असं विचारलं. बरी आहे, ती म्हणाली, आणि बस आली.

एवढं वाचून मधुकररावांना तुम्ही मनातल्या मनात जे काही म्हणाला असाल, ते रास्तच आहे. पण त्या अहवालावर सही त्यांची नाही. ज्या बाईंची आहे, त्या तुमच्यासारख्याच शिकलेल्या आणि मनाने चांगल्या आहेत.