ट्रॅक्टरचा पोळा

ट्रॅक्टर चालवणं ही हातापायांची गोष्टच नाही, ती वजनाची गोष्ट आहे! वजन कुठं टाकायचं हे ज्याला समजलं, त्याला ट्रॅक्टर समजला. एकोणऐंशी सालच्या पोळ्याआधी मी हे गावात इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की मी समोर दिसलो की लोक आपणहूनच म्हणायचे, "हो गा मधुकर, वजनाचं समजलं आमाले," आणि रस्ता बदलायचे.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. थोडी संत्र्याची झाडं, बाकी सगळी कपाशी. आमच्या घराचा रुबाब म्हणाल तर एकच, पोळ्याचा पहिला मान. ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेर आखर असतो, म्हणजे गुरं जमायचं मोकळं मैदान. तिथं पोळ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या गावाचे बैल नटूनथटून समोर उभे राहतात. मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग बाकीच्यांना वाट मोकळी. ती मानाची जोडी आमची. माझ्या बाबांकडे, म्हणजे चंपतरावांकडे, ना पाटीलकी होती ना सरपंचकी. वर्षातून एकदा सगळ्यांच्या आधी तोरणाखालून जायचं, तेवढ्यावर ते उरलेलं वर्ष ताठ मानेनं चालायचे.

आणि त्या उन्हाळ्यात मी ती जोडी विकायला लावली आणि नागपूरहून जुना ट्रॅक्टर आणला!

बाबांचा प्रश्न एकच होता. "पोळ्याले तोरणाखाली काय नेशीन? स्टेपनी?"

मी म्हटलं, ट्रॅक्टरच नेईन. झालं, गावात बैठक बसली. मानात आमच्या मागं रुपरावांचं घर होतं. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला शेपूट नाही त्याचा कसला पोळा? पण पोलीस पाटील महादेवराव शहाणे गृहस्थ. त्यांनी निकाल दिला की शेतात राबतो म्हणून आपण बैलाला पुजतो, तेव्हा ट्रॅक्टर राबत असेल तर येऊ द्या त्यालाही. मात्र दिवेलागणीच्या आत चंपतरावांच्या घरचं राबणारं तोरणाखालून गेलं नाही, तर मान रुपरावांकडे जाईल, आणि कायमचा जाईल. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छाती पुढं काढून मान हलवली. त्या दिवशी बाहेर कडक ऊन होतं.

पोळा तोंडावर आला आणि पावसाची झड लागली. आमची काळी माती भिजली की माणसाची चप्पल परत देत नाही, तिथं ट्रॅक्टरची काय कथा! दारातून बाहेर काढायला गेलो तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गोठ्याची भिंत काळी झाली. बाबांचं तोंड पडलं. मी मात्र खूश झालो. हीच तर माझी परीक्षा होती! मागं वजन कमी पडत होतं, एवढंच. कंपनीची लोखंडी वजनं चाकाला बसवायला मिळतात, ती मी नागपूरच्या दुकानात सांगूनही ठेवली होती. पण नाल्याला पूर आल्यानं एसटी बंद होती आणि वजनं तिकडंच राहिली.

मग मी घरचं सामान काढलं. मागच्या लिफ्टला, म्हणजे नांगर उचलायच्या दांड्यांना, एक सागवानी फळी बांधली. तिच्यावर रेतीची पोती टाकली, उखळ ठेवलं, तुटकं जातं ठेवलं. चाकं थोडी धरायला लागली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, खांदे मळायचे. आमच्याकडं आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलेलं असतं म्हणून. बैल असो की ट्रॅक्टर, खांदे मळल्याशिवाय पोळा होणार नाही, यावर बाबा अडून बसले. आता ट्रॅक्टरचा खांदा कोणता? बाबांनी इंजिनावर हात ठेवला. मी हसलो. म्हटलं, बाबा, सगळा भार मागच्या चाकांवर असतो, तेव्हा खांदा म्हणजे मागच्या चाकावरचं मडगार्ड! माझी बायको प्रेमिला हातानं सढळ. तिनं दोन्ही मडगार्डं लोण्यानं अशी मळली की संध्याकाळच्या उजेडातही चमकत होती.

रात्रभर पुन्हा पाऊस पडला, आणि सकाळी पाहतो तर चाकं पुन्हा घसरायला लागलेली. मी घरात गेलो आणि प्रेमिलाचा पाटा उचलला.

"पुरण कायच्यावर वाटू मंग?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आजच्या दिवस हातानंच मळ वं, घराण्याच्या मानाचा प्रश्न आहे. ती पुढं जे बोलली ते पाटा जड असल्यामुळं मी थांबून ऐकलं नाही.

तरी थोडं कमीच पडत होतं. तेवढ्यात भैय्याजी आले. भैय्याजी म्हणजे आमच्या गावचे किराणा दुकानदार आणि तालुक्यातले सगळ्यात भारी गृहस्थ. ते खाटेवर बसायला आले की बसलेले बाकीचे लोक आधीच उठून उभे राहायचे. मी त्यांना म्हटलं, मडगार्डवर बसा, म्हणजे सगळ्या गावात तोरणाखालून आधी जाणारे तुम्हीच. त्यांनी लगेच धोतर सावरलं. लोण्याचे डाग पडू नयेत म्हणून मी मडगार्डवर झूल अंथरली आणि त्यांना वर चढवलं.

दुपार कलल्यावर ट्रॅक्टर काय सुरेख निघाला! दिव्यांना बाशिंगं, बॉनेटवर दुसरी झूल, रेडिएटरला घुंगुरमाळ. पुढं डफडं वाजत होतं. बाबांनी बंपरला रंगीत कासरा बांधला होता आणि तो हातात धरून ते पुढं चालले होते, अगदी जोडी नेत असल्यासारखे. एकही चाक घसरलं नाही. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर मी ओरडून सांगत होतो, "पाहा, वजन!"

आखरावर चढताना एक छोटा चढ आहे. तिथं मी जरा जोर दिला.

"मधुकर, मी चाललो गा," मागून भैय्याजी शांतपणे म्हणाले.

लोण्यावरून झूल घसरली, झुलीबरोबर भैय्याजी घसरले, आणि थेट मागच्या फळीवर जाऊन उखळ आणि पाट्याच्या मध्ये बसले. फळी खाली गेली आणि ट्रॅक्टरनं पुढची दोन्ही चाकं उचलली! मला समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. तोरण डावीकडं होतं म्हणून मी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. ते विहिरीवरच्या गरारीसारखं हलकं फिरलं आणि ट्रॅक्टर सरळच गेला. बाबा कासरा न सोडता बाजूला उडी मारून वाचले. तोरण मागं राहिलं आणि आम्ही बैल धुवायच्या डबऱ्यात शिरलो.

आता कोणीही शहाणा माणूस खाली उतरला असता. पण मला वजनाचं समजत होतं ना! मी आजूबाजूच्या धिप्पाड गड्यांना फळीवर उभं राहायला सांगितलं. ते हौसेनं चढले. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी जमीन धरली, फार छान धरली, आणि सरळ खाली उकरायला सुरुवात केली. लोण्यानं मळलेले खांदे पाण्याला टेकले तेव्हा इंजिन बंद पडलं.

मी चिखलातून बाहेर आलो आणि रुपरावांकडं गेलो. म्हटलं, भाऊ, तुमची जोडी जरा जुंपा, एका ओढीत निघेल.

आखरावरची सगळी माणसं माझ्याकडं वळली. डफडंसुद्धा थांबलं. पोळ्याच्या दिवशी जू! वर्षभरात बैलाच्या खांद्याला सुट्टी असते ती या एका दिवशी, आणि चंपतरावांचा पोरगा भर आखरावर बैल जुंपा म्हणतो! महादेवरावांनी मला फक्त एवढंच विचारलं, की अक्कलही नागपूरलाच राहिली का. डबऱ्यात बसलेले भैय्याजीसुद्धा च् च् करत होते.

सूर्य खाली जात होता. मानाचं कोणी तोरणाखालून जाईना, म्हणून गावभराचे बैल ताटकळत उभे होते आणि एकमेकांच्या गळ्यातल्या माळा खात होते. रुपराव नुसतं आपल्या बैलाचं बाशिंग सरळ करत होते, वाकडं नव्हतं तरी. बाबा डबऱ्याच्या काठावर उभे होते. कासरा अजून त्यांच्या हातात होता. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. एवढा माणूस, एवढंच एक त्याच्याजवळ होतं आणि ते मी बुडवलं होतं.

मग बाबा पाण्यात उतरले. बंपरचा कासरा सोडला, बॉनेटवरची झूल काढली, दिव्याचं बाशिंग काढलं. मला वाटलं, संपलं, आता हे सगळं रुपरावांच्या हवाली करणार. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वाक," म्हणाले.

मी वाकलो. त्यांनी झूल माझ्या पाठीवर टाकली, बाशिंग कपाळाला बांधलं आणि कासऱ्याचं टोक माझ्या गळ्यात घातलं.

"पाटील, तुमी म्हणालते का घरचं राबणारं पाहिजे," ते महादेवरावांना म्हणाले. "बैल इकले, ट्रॅक्टर डुबला. आता माह्या घरी राबणारं हेच हाय."

महादेवराव विचारात पडले. रुपराव लगेच पुढं आले. "जोडी लागते, चंपतराव. एकटा बैल मानाचा नसते."

बाबांनी कासऱ्याचं दुसरं टोक उचललं आणि स्वतःच्या गळ्यात अडकवलं. "दुसरा मी हावो," म्हणाले.

महादेवरावांनी डफडेवाल्यांना खूण केली. डफडं वाजायला लागलं. आम्ही दोघं, बाप आणि पोरगा, खांद्याला खांदा लावून दिवेलागणीच्या आत तोरणाखालून गेलो. मान वाचला. मागून सगळ्या गावाचे बैल आले, आणि खरं सांगतो, त्यांतला एकही आमच्याकडं पाहत नव्हता.

जोडी घरी आली की घरची बाई पूजा करते. प्रेमिला दारात तांब्या घेऊन उभी होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं आधी बाबांच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं आणि रीतीप्रमाणे सुपात पुरणपोळी पुढं ठेवली. तिचा पाटा डबऱ्यात होता, त्यामुळं पुरणात हरभऱ्याची अख्खी डाळ दिसत होती.

एवढं सगळं झाल्यावर मला राहवेना. मी तिला समजावून सांगायला लागलो की चूक वजनाची नव्हतीच, भैय्याजी वीतभर पुढं बसले असते तर...

"गप खा," प्रेमिला म्हणाली. "बैल बोलत नसते."

शेजारी बाबा मान खाली घालून खात होते. मीही सुपात तोंड घातलं.