साळवेसाहेबांचे ऐंशी किलो

साळवेसाहेब आमच्याकडे जेवायला येताना पिशवीत वजनकाटा घेऊन येतात. चपला काढल्या की काट्यावर उभे राहतात आणि आकडा मला वाचायला लावतात. जेवण झाल्यावर पुन्हा तेच. पहिल्या वेळी माझी बायको दुखावली होती. आता पोळीला तूप लावण्याआधी तीच विचारते, "किती ग्रॅम?"

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नगरचे, लग्न केलं नाही, एका केंद्रीय खात्यात सेक्शन ऑफिसर. एकतीस वर्षं रोज चौदा सिगारेटी ओढल्या आणि जानेवारीत एका सकाळी सोडल्या. मला बोलावून म्हणाले, "काळेसाहेब, रेकॉर्डवर घ्या. बंद म्हणजे बिल्कुल बंद. पण वजन ऐंशीच्या वर गेलं तर परत सुरू. गुडघे आधीच कुरकुरतायत."

तेव्हा वजन होतं साडेसत्त्याहत्तर.

सिगारेटच्या वेळेला ते गाजर खातात. लांब काप करून खिशात ठेवतात, दोन बोटांत धरतात आणि चावण्याआधी राख झाडतात. फुटाणे मोजून वीस. जिना दिवसातून सहा वेळा, विनाकारण. जिन्यावरचा त्यांचा खोकला दोन महिन्यांत थांबला. तो पुन्हा ऐकू येऊ नये, असं मला आणि बायकोलाही मनापासून वाटत होतं.

म्हणून मी त्यांच्या वजनाचा तक्ता ठेवला. आठ आठवड्यांत दिसलं ते असं: शनिवारपर्यंत वजन वाढत नाही, आणि सोमवारी सहाशे-सातशे ग्रॅम वर. त्यातलं निम्मं आठवड्यात उतरे, बाकीचं साचत जाई. रविवारी ते चर्चमधून परस्पर फरीदाबादला बहिणीकडे जातात, हे मला ठाऊक होतं. वजन एकोणऐंशी पॉइंट सात झालं त्या सोमवारी मी विचारलं, फरीदाबादला छोले-भटुरे फार चांगले मिळतात वाटतं?

ते हसले नाहीत. गाजर खाली ठेवलं.

"अक्काला हल्ली आठवत नाही," ते म्हणाले. "रविवारी घरचे बाहेर पडतात, मी तिच्यापाशी बसतो. सून करून ठेवते, अक्का वाढते. तासाभराने म्हणते, डेव्हिड, भूक लागली असेल. की परत ताट. एकदा सांगितलं, आत्ताच जेवलो. तर घाबरून बघत राहिली यार. त्यापेक्षा जेवलेलं बरं."

मी म्हटलं, मग ऐंशीची अट काढून टाका. ते म्हणाले, अट काढली तर सिगारेटही आत येईल, मी मला ओळखतो.

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो. दुसरं जेवण दोघांत वाटून घ्यायचं, असा माझा हिशोब. रस्सा-भाकरी झाली, गप्पा झाल्या, आणि बरोबर पन्नास मिनिटांनी अक्का उठून ताटं मांडू लागल्या. साळवेसाहेबांनी सकाळपासून उपाशी असल्यासारख्या बाह्या सरसावल्या. "अरे वा, रस्सा केलायस?"

मी अर्धी भाकरी मागितली. अक्कांनी अख्खी वाढली.

"पहिल्यांदाच आलात, लाजू नका," त्या म्हणाल्या.

मी साळवेसाहेबांच्या ताटातली भाकरीही माझ्याकडे ओढली. "नाही लाजत, अक्का."