मे महिन्यातला हीटर

"जगात असा एक व्हॉल्व्ह दाखव, जो माझ्याच्यानं बंद होणार नाही!" सुजित बायकोला म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं. तारापूरच्या केमिकल कंपनीत दिवसभर तो दुसरं करतो काय? पण हा व्हॉल्व्ह होता त्याच्या लाल, दोन सीटच्या, जुन्या विलायती स्पोर्ट्‌स कारमधला. इंजिनचं गरम पाणी फिरवून आत ऊब देणारा तिचा हीटर काही केल्या थांबत नव्हता. विलायतेत ठीक आहे हो, पण बोईसरला मे महिन्यात ऊब हवीय कुणाला?

"दुपारी तात्यांना नवापूरला सोडायचंय," प्रतीक्षा म्हणाली. "माझ्या वडिलांनी गाडीला बरं म्हटलं तर राहील, नाहीतर विकायची. ठरलंय आपलं!"

जीव होता त्याचा त्या गाडीवर! त्यानं बॉनेट उघडलं. व्हॉल्व्ह उघडझाप करणारी गंजलेली तार काढून टाकली आणि व्हॉल्व्हचा दांडा हातानंच फिरवून पाइपला आडवा केला. कंपनीत दांडा आडवा म्हणजे बंद, शेंबडं पोरही सांगेल! वर, बंद केलेला व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून, कंपनीच्या शिस्तीप्रमाणे स्वतःचं लाल कुलूप ठोकलं. कंपनीच्या बसनं सकाळच्या पाळीला गेला तेव्हा सवयीनं त्याची किल्ली तिथल्या किल्ल्यांच्या पेटीत अडकवूनही आला.

दुपारी तात्या डॉक्टरकडून काठी टेकत, लंगडतच आले. "गुडघे धरलेत, जावयबापू. डॉक्टर म्हणतो शेक द्या. आणि टप उघडू नका हां, टोपी उडते!"

निघाले. आणि पायांवर अशी वाफ आली की सुजितला घाम फुटला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईसाहेबांचा दांडा आडवा म्हणजे सताड उघडा! आधी हीटर निदान अर्धवट चालू होता, आता पुरता!

"तात्या, काच खाली घेऊ?"

"नको!"

"थांबून सरबत घेऊ?"

"नको म्हटलं ना! चला!"

तात्यांनी डोळे मिटले. म्हातारा बेशुद्ध पडला की काय? बायको घरात घेईल का? नवापूरजवळ काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि गाडीत सुजित. गाडी गेली, आता सासराही जातोय, असं म्हणत त्यानं वाडीच्या फाटकाशी ब्रेक मारला.

तात्या उतरले. काठी गाडीतच राहिली. ताठ चालत ते पार चिकूच्या झाडापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "जावयबापू, गाडी लय बरी हाय!"

सुजितला रडूच आलं. "तात्या, माफ करा. तो हीटर चुकून उघडा राहिला. वर माझं कुलूप आहे आणि किल्ली कंपनीत. उद्या काढून बंद करतो. आमच्या कंपनीत ज्यानं कुलूप लावलं, त्यानंच काढायचं असतं."

"असं हाय का?"

तात्या घरात गेले. पंपाच्या खोलीचं नारळाएवढं कुलूप घेऊन आले, बॉनेट उघडायला लावलं आणि लाल कुलपाशेजारी ते अडकवून किल्ली जानव्याला बांधली.

"आता माझंपण हाय. रोज कामावरून सुटलात की या, एक चक्कर मारू. गुडघे मोकळे झाले बघा!"

तेवढ्यात प्रतीक्षाचा फोन आला. "काय म्हणाले तात्या? राहतेय का गाडी?"

"राहतेय," शर्ट पिळत सुजित म्हणाला, "हीटरसकट!"