नेनेसरांचा चौथा रकाना

आमच्या शेजारचे नेनेसर न्हाणीघराशी बोलतात. इथे ओसाकात टबातलं पाणी तापलं की भिंतीवरच्या डबीतून एक बाई गोड आवाजात जपानीतून सांगते, 'पाणी तयार आहे.' सगळ्यांच्याच घरात सांगते, कुणी लक्ष देत नाही. नेनेसर मात्र तिला उत्तर देतात, तेही मराठीत. इमारतीच्या भिंती पातळ. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा रोज संध्याकाळी ऐकू यायचं, "हो हो, आलोच. एवढं वाक्य संपवतो." भाताचा कुकर टुणटुणला की, "ऐकलं हो, बहिरा नाही मी!" मला वाटलं, घरात जपानी बायको आहे आणि बिचारी नवऱ्याचं मराठी मुकाट ऐकून घेतेय. तिच्यासाठी म्हणून वाटीभर शिरा घेऊन गेले. दार सरांनीच उघडलं.

"वहिनी आहेत का घरात?" मी विचारलं.

सरांनी चष्मा वर केला. "आहेत असं तुम्हाला वाटण्याला पुरावा काय?"

आत दुसरं कुणीच नव्हतं. मी शिरा त्यांच्या हातात दिला आणि पळून आले. संध्याकाळी वाटी परत आली. आत चिठ्ठी होती : 'वेलची चार दाणे. उत्तम. नोंद केली आहे.'

'पुरावा काय' आणि 'नोंद करा' या दोन शब्दांवर सरांचा संसार चालतो. ते मूळचे पुण्याचे, इथल्या एका संस्थेत गेली पंचवीस वर्षं गंजावर संशोधन करतात. हो, लोखंडाला चढतो तोच गंज. त्यांच्या बाल्कनीत कपडे कधीच वाळत नाहीत, काचेचे पेले असतात. प्रत्येक पेल्यात एक खिळा. एक पावसाच्या पाण्यात, एक मिठाच्या, एक चहात. एका पेल्यावर चिकटवलेलं होतं, 'मोरेवहिनींची आमटी.' मी घाबरून विचारलं, "सर, आमटीत काही बिघडलं होतं का?" तर म्हणाले, "छे! खिळ्याचंही मत घ्यावं म्हटलं."

आता माझं सांगते. माझी शाळा नववीत सुटली. आई आजारी पडली, घरात मी थोरली, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेच नाही. विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचं परावर्तन चाललं होतं. आरशावर पडलेला किरण परत कसा फिरतो, ते बाई उद्या सांगणार होत्या. तो उद्या काही आला नाही. पुढे लग्न झालं, मालकांना इथल्या गिअरच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि कराडजवळच्या गावातून मी थेट इथे. देवाची, नवऱ्याची आणि कचऱ्याच्या तक्त्याची मी ऋणी आहे, कारण या तिघांच्या भरवशावर मी इथे टिकले. तक्ता म्हणजे कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा त्याचा. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे. कुणी ओरडेल या धास्तीने मी तो चित्रांवरून तोंडपाठ केला.

तीन मुलं. सई चौदाची, अथर्व नऊचा, मनू पाचची. सईला इथल्या शाळेत घातलं होतं. ती वर्षभर खिडकीशी बसली आणि एक शब्द बोलली नाही. हळूहळू घरीही बोलेना. दोन वर्षांनी परतच जायचंय, दहावी तिकडचीच द्यायचीय, म्हणून तिघांना घरी शिकवायचं ठरवलं. गणित मालक घेतात, मराठी मी. अडलं विज्ञानापाशी.

मालकांनी एका रविवारी निक्षून सांगितलं, "हे बघ, पाडव्यापर्यंत सायन्सचं काय ते ठरव. नाहीतर तू पोरांना घेऊन गावी जा, मी राहतो इथे एकटा. सईचं वर्ष नको वाया जायला."

रागाने नव्हते म्हणाले, म्हणूनच खरं वाटलं. तीन प्रकाशकांकडून नमुन्याची पुस्तकं मागवली होती. तीन वयं, तीन संच, म्हणजे नऊ पुस्तकं. रोज देवापुढे दिवा लावून उघडायची आणि मिटायची. शेवटी पिशवीत भरून सरांच्या दारात उभी राहिले.

"सर, यातलं चांगलं कुठलं तेवढं सांगा."

"चांगलं कशावरून ठरवायचं? पुरावा काय?" असं म्हणून सरांनी पिशवी घेतली आणि पुढचे तीन आठवडे इमारतीला वेठीला धरलं. प्रत्येक संचातला पहिला प्रयोग, जसा लिहिलाय तसाच, करून बघायचा. पहिल्या संचात होतं, 'जवळच्या ओढ्यातला गाळ आणा.' सर बरणी घेऊन कालव्यात उतरले. तिथे फिरायला आलेल्या आजोबांना वाटलं, हा माणूस जीव देतोय. त्यांनी आरडाओरडा करून सरांना बाहेर काढलं. सरांनी त्यांना वीस वेळा वाकून नमस्कार केला, पण बरणी सोडली नाही. दुसऱ्यात होतं, 'अंगणातल्या आंब्याच्या झाडाचं निरीक्षण करा.' सर तासभर खालच्या पार्किंगमध्ये उभे. वर येऊन सांगितलं, "आंबा आढळला नाही. नोंद करा." तिसरा संच गुळगुळीत, रंगीत, चिकटचित्रांचा. मनूने सगळी चित्रं सरांच्या टकलावर चिकटवली. "याचा उपयोग आहे," सर म्हणाले, "पण विज्ञानासाठी नाही."

पाडवा आठ दिवसांवर आला आणि सर निकाल घेऊन आले. "वहिनी, तिन्ही संच नापास. आणि समजा एखादा पास झाला असता, तरी तीन मुलांना तीन पुस्तकं तुम्ही एकटीने शिकवणार कधी?"

माझा धीर सुटला. मी पोळी लाटता लाटता रडायलाच लागले. सर गडबडले. काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाले, "तीन मुलांना तीन भाज्या करता का तुम्ही?"

"तीन कशाला?" मी डोळे पुसत म्हटलं. "भाजी एकच. तिखट घालायच्या आधी मनूची वाटी काढून ठेवते. थोडं घातलं की अथर्वची. मग उरलेल्यात ठेचा. ती सईची नि आमची."

 सरांनी हातातली नऊ पुस्तकं धाडकन ओट्यावर ठेवली. "वहिनी! हाच अभ्यासक्रम!"

"काय?"

"धडा एकच, तिखट वेगळं! आणि धडे कुठले, तर ते तुमच्या फ्रिजवर लावलेत." त्यांनी कचऱ्याच्या तक्त्याकडे बोट केलं. "काय जळतं, काय जळत नाही, का जळत नाही. रसायनशास्त्र म्हणजे दुसरं काय असतं हो? या इमारतीत तुमच्याइतकं ते कुणाला पाठ आहे?"

मला पाठ आहे! विज्ञान! मला! मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

ती नऊ पुस्तकं सरांनी फेकली नाहीत. फाडून, वेचून, जो धडा ज्या दिवशी लागेल त्या दिवसाला लावला. पहिला धडा मी निवडला. गुढीवर पालथा घालायचा तांब्या काळा पडला होता, तो घासायचा होताच.

पाडव्याला सकाळी मालक आंघोळ करून आले. तांब्या लखलखत होता.

"कुणी घासला?"

"मी!" मनू म्हणाली. "काळा होता. चिंच लावली, लाल झाला."

"नुसत्या पाण्याने नाही झाला," अथर्वने वही उघडली. "चिंच, लिंबू, व्हिनेगर, पाणी. तांब्याच्या पत्र्याचे चार काळे तुकडे घेतले होते बाबा, मी घड्याळ लावून बसलो होतो."

मालक माझ्याकडे, मग सईकडे बघायला लागले. सई खिडकीशीच बसली होती.  सर दारात, सोवळ्यातल्या माणसासारखे अंग चोरून उभे.

सईने एकदा सरांकडे पाहिलं आणि बोलायला लागली. तांब्याला हवेतला ऑक्सिजन कसा चिकटतो, वर काळा थर कसा धरतो, चिंचेतलं आम्ल तो थर कसं विरघळवतं आणि खालचं तांबं कसं तसंच राहतं. तिने समीकरण लिहून दाखवलं. चूक झाली, खोडलं, परत लिहिलं. वर्षभरात मी तिची एवढी वाक्यं एकदम ऐकली नव्हती.

मालक लोखंडातला माणूस. त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "मग ही खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट कशी नाही काळी पडत?"

"तिच्यावर पण थर चढतो बाबा," अथर्व म्हणाला. "पण तो दिसत नाही, आणि निघत नाही. तोच तिचं पांघरूण होतो. नेनेकाका म्हणतात, तो गंजाचा चुलतभाऊ आहे."

"पुरावा काय?" मालक बोलून गेले.

मनू टाळ्या पिटत नाचायला लागली. सई हसली, अगदी दात दाखवून. सर दारातून म्हणाले, "मोरेसान, तुम्हीही पास!" मालकांनी गुढी उचलली, वर तो तांब्या पालथा घातला, आणि बाल्कनीत उभारताना माझ्याकडे न बघताच म्हणाले, "श्रीखंड पुढच्या पाडव्यालाही घरीच करायचं ना? इथेच?"

"इथेच," मी म्हटलं.

संध्याकाळी सर वर्षाचं वेळापत्रक घेऊन आले. मोठा कागद, पट्टीने आखलेला. धडे एकाखाली एक, आणि शेजारी रकाने : मनू, अथर्व, सई. चौथ्या रकान्यावर नाव नव्हतं.

"सर, हा एक जास्तीचा आखला गेलाय."

"जास्तीचा नाही." सर तांब्याकडे बघत बोलले. "तो नववीचा आहे. प्रकाशाच्या परावर्तनापासून. तुम्ही एकदा बोलला होतात. नोंद केली होती."

 मी कागद वाचत राहिले, म्हणजे वाचतेय असं दाखवत राहिले. तेव्हा दिसलं, वर्गाची वेळ लिहिली होती, 'रोज, संध्याकाळी सात.' सात म्हणजे आमची जेवायची वेळ, हे सरांना भिंतीतून पक्कं ठाऊक. मी गुपचूप सहावं पान मांडलं. सर 'नको नको' म्हणाले आणि बसले.

पहिला घास घेतला आणि भिंतीपलीकडून ती गोड आवाजाची बाई बोलली. आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो, आता उत्तर देतील म्हणून.  मनूने त्यांच्या बाहीला धरून सांगितलं, "काका, तुमचं पाणी तापलं."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली.

"निवू दे," ते म्हणाले. "वहिनी, सईच्यातली भाजी वाढा. तिखटाची."