रोझेन रुसली

गुल्वेनची शिकारी कुत्री रोझेन स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर थबकली. पुढचा एक पाय उचललेला, नाक ताणलेलं, अंग दगडासारखं. अशा वेळी ब्रेतान्य प्रांतातल्या माणसाला एकच गोष्ट सुचते: कुत्रीने शिकार दाखवली की मालकाने पुढे होऊन ती उठवायची. गुल्वेनने अदबीने दार उघडलं. आतलं भाजलेलं बदक उडालं नाही, पण दिसेनासं झालं.

"अगं ए भवाने!" त्याची बायको आनिक ओरडली.

झालं. या जातीची कुत्री दिवसभर काट्याकुट्यांतून पळतील, पण चढलेला आवाज त्यांना सोसत नाही. रोझेन टेबलाखाली गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि आनिकचा थोरला भाऊ एर्वे जेवायला निघालेला. तितरांचं सगळं रान त्याचं. यंदा शिकारीला जोडीदार गुल्वेन की गावातला औषधवाला, हे तो आज कुत्रीचं काम बघून ठरवणार होता.

(इथून पुढचं हळू आवाजात वाचा. ती ऐकतेय.)

"दार तू उघडलंस, राजा," आनिक साखरेत घोळून म्हणाली.

"तिने खूण केली होती, राणी. मालकाने पाठ फिरवली तर कुत्री बिघडते."

"कोण बिघडलंय ते दिसतंय हं, सोन्या. दादाला आता काय वाढू? तुझा मेंदू?"

"तो नाहीच म्हणतेस ना नेहमी, लाडके."

रोझेनचा एक कान हलला. फक्त कान.

तेवढ्यात एर्वे आला. गुरांच्या बाजारात बोली पुकारणारा माणूस. नुसता "काय कसं काय" म्हणाला तरी बैल बिचकायचे. त्याने तोंड उघडताच आनिकने त्यात लोणी माखलेलं धिरडं कोंबलं. "हळू, दादा. ती रुसलीय."

एर्वेने घास गिळला, गुडघे टेकले, टेबलाखाली डोकं घातलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजला. काय, ते कुणालाच कळलं नाही. रोझेन बाहेर आली.

रानात तिने एका झुडपापाशी असा काही पाय उचलला की एर्वेने टोपीच काढली. गुल्वेन पुढे झाला. तितर भुर्रकन उठले.

बार एक. हवेत.

बार दोन. हवेतच.

एर्वे लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या. मग त्याची नजर कुत्रीवर गेली.

"छान," तो मधाळपणे म्हणाला. "फारच छान हं, बाळा. आंधळ्यानेही शिंकून पाडला असता एखादा."

"म्हणजे जोडीदार औषधवाला, दादा?" गुल्वेनने विचारलं.

"जोडीदार ही." एर्वेने रोझेनचे कान कुरवाळले. "सकाळी न्यायला येत जाईन. तूही ये, बंदूक घरी ठेवून. डबा धरायला कुणीतरी लागतंच."

गुल्वेनला बोंब मारावीशी वाटली. रोझेन त्याच्याकडेच बघत होती.

"येतो ना, दादा," तो लोण्यासारखा म्हणाला.