रामसेवक शर्मांचं पुरणयंत्र

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

हे विश्वासराव कुठे बोलले? हिंदी मुलखातल्या पिपलानी कॉलनीच्या मराठी मंडळात, हातात माइक घेऊन! भाषणाचा विषय होता 'ऑनलाइन खरेदी आणि आपली सुरक्षितता'. विश्वासराव कारखान्यात आलेला माल तपासायच्या खात्यात आहेत. साध्या नटबोल्टकडेही ते चोराकडे बघावं तसे बघतात. "अनोळखी पार्सल घेऊ नका! ओटीपी कुणाला सांगू नका! आणि स्वतःची खरी माहिती तर सख्ख्या भावालाही देऊ नका!" टाळ्या पडल्या. शेजारचे वसंतराव पहिल्या रांगेत बसून शब्दन् शब्द कान देऊन ऐकत होते. तेच पुढे नडलं.

कारण इकडे होळी तोंडावर आली आणि विश्वासरावांच्या बायकोने, नलिनीताईंनी घरात जाहीर करून टाकलं, "यंदा पुरणपोळी नाही. ते यंत्र फिरवून फिरवून माझं मनगट गेलंय कामातून."

विश्वासराव खुर्चीतून उठलेच. होळी, आणि पुरणपोळी नाही? अहो, वर्षभर हा माणूस कँटीनचे समोसे गिळतो ते या एका दिवसाच्या आशेवर! रात्रभर तळमळून त्यांनी ठरवलं, बायकोला पत्ता लागू न देता विजेवर चालणारं पुरणयंत्र मागवायचं. ती खूश, पोळी पक्की!

पण खरी माहिती द्यायची नाही, हा तर त्यांचाच नियम. मग नाव टाकलं रामसेवक शर्मा. पत्ता दिला वसंतरावांच्या क्वार्टरचा. मोबाईल नंबर आपलाच, फक्त शेवटचा आकडा बदललेला. पैसे माल हातात आल्यावर. "आता काय बिशाद आहे चोराची!" पार्सल येताना खिडकीतून दिसलं की धावत जाऊन वसंतरावांच्या फाटकातच गाठायचं, असा बेत होता.

पार्सल आलं रविवारी सकाळी. नेमके तेव्हा विश्वासराव अंगभर साबण लावून मोरीत बसले होते!

बाहेरून वसंतरावांचा आवाज आला, "यहाँ कोई शर्मा-वर्मा नहीं रहता! हमने पूरा लेक्चर सुना है, समझे?"

झालं! विश्वासराव टॉवेल गुंडाळून तसेच धावले. कानात फेस, पायात एकच चप्पल. "रुको भैया! मैं हूँ शर्मा!"

डिलिव्हरीवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वसंतराव तर हबकलेच. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"श्श! आजच्या दिवस मी शर्मा आहे!"

"शर्माजी हो, तो ओटीपी बता दो," डिलिव्हरीवाला म्हणाला. "आपके नंबर पे आया है."

आला होता हो, पण बदललेल्या आकड्यावर! आता त्या नंबरावर कोण आहे, देव जाणे. विश्वासरावांनी वसंतरावांचा मोबाईल जवळजवळ ओढूनच घेतला, नंबर लावला आणि कानात साबण म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे कुणी बाई होत्या.

"नमस्ते बहनजी," विश्वासराव साखरेसारखे विरघळत म्हणाले, "आपके मोबाइल पे एक ओटीपी आया होगा. वो ज़रा मुझे बता दीजिए ना."

आणि मग बाईंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला!

"सुबह-सुबह कोई और नहीं मिला ठगने को? आवाज़ से तो पढ़े-लिखे घर के लगते हो! शर्म नहीं आती? रुको, अभी ये नंबर पुलिस को देती हूँ!"

"अहो, नंबर माझा आहे!" वसंतराव किंचाळले आणि फोन हिसकावून बंद केला.

डिलिव्हरीवाल्याने खोकं परत स्कूटरला बांधलं.

"अरे भाई, पैसे लो और सामान दे दो!"

"माफ़ करना, भाईसाब. ऐसे लोगों से सावधान रहने की हमें भी ट्रेनिंग मिली है."

गेला! पुरणयंत्र डोळ्यांदेखत वळणावर दिसेनासं झालं. विश्वासरावांना अगदी रडू यायचं बाकी होतं. मागे वळतात तो दारात नलिनीताई! मग काय, सगळं सांगावंच लागलं.

नलिनीताईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "माझ्या मनगटासाठी मागवलंत? खरंच?"

"हो तर!" विश्वासराव म्हणाले. स्वतःच्या पोटाचा विषय काढायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांनाही कळलं.

"इतकी काळजी आहे ना? मग सोपं आहे की!" असं म्हणून नलिनीताईंनी जुनं यंत्र काढलं आणि त्यांच्याच हातात ठेवलं.

होळीच्या दिवशी विश्वासराव यंत्र फिरवायला बसले. दर दोन फेऱ्यांनी "आई गं!" मधेच "पंखा लाव!", मधेच "पाणी दे!", मधेच "ही डाळ शिजवलीय का दगड?" सगळी गल्ली ऐकत होती. अखेर तव्यावर पोळी टम्म फुगली, वर तूप पडलं. पहिला घास घेऊन विश्वासरावांनी डोळे मिटले. जन्माचं सार्थक!

"मग? कसं झालंय माझं पुरण?" त्यांनी कॉलर ताठ करून विचारलं.

नलिनीताईंनी सावकाश चव घेतली.

"तीन स्टार," त्या म्हणाल्या. "माल चांगला आहे. पण मशीन फार आवाज करतं."